न घासलेली चांदी

बेंगळुरूच्या केंपेगौडा रस्त्यावर शिक्षकर सदन आहे. तिथे नाण्यांचं प्रदर्शन भरतं तेव्हा मॅजेस्टिककडे जाणाऱ्या बसगाड्यांची घरघर दाराबाहेर राहते आणि आत वेगळाच गलका सुरू होतो. कानडी, हिंदी, मारवाडी, तमीळ, आणि मधूनच एखाद्या टेबलावरून अस्सल पुणेरी मराठी. दूरदूरच्या गावांहून आलेले व्यापारी टेबलाला टेबल लावून बसलेले असतात. एकीकडे टिपूच्या तांब्याच्या पैशांची रास, त्यावरचा हत्ती कुठे डावीकडे तोंड केलेला, कुठे उजवीकडे. दुसरीकडे करंगळीच्या नखावर मावतील एवढे सोन्याचे फनम. पलीकडे शिवराया, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, आणि दोन्हीकडची अक्षरं बहुतेकदा अर्धीच उमटलेली. एक शिवराई हातात घेतली की मला शहाजीराजांची जहागीर आठवते. हे शहर १६३८ पासून त्यांच्याकडे होतं आणि शिवाजीमहाराजांच्या बालपणाचा काही काळ इथे गेला, हे बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

या शहराचा चांदीशी संबंध त्याहूनही कितीतरी जुना आहे. १८९१ मध्ये यशवंतपूरला रेल्वेच्या कामासाठी खोदताना एक मडकं सापडलं. त्यात १६३ चांदीची रोमन नाणी होती, ऑगस्टस, तिबेरियस, क्लॉडियस अशा सम्राटांच्या चेहऱ्यांची. आज यशवंतपूर म्हटलं की ठोक बाजार आणि मेट्रोचे खांब डोळ्यांपुढे येतात. तिथेच कुणीतरी जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी आपली पुंजी पुरून ठेवली आणि परत न्यायला तो माणूस आलाच नाही.

एवढ्या जुन्या, भारदस्त नाण्यांच्या गर्दीत स्वतंत्र भारताच्या स्मारक नाण्यांचा ट्रे सहसा टेबलाच्या कडेला ढकललेला असतो. अट्टल संग्राहक तिकडे फारसे बघत नाहीत. सरकारने कुणाची जन्मशताब्दी साजरी केली आणि लाखांनी नाणी पाडली, त्यात शोधायचं काय, असं त्यांचं म्हणणं. मला ते कधीच पटलं नाही. १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच वर्षीचे शिवाजीमहाराजांचे दोन रुपये, २००७ चे लोकमान्य टिळकांचे पाच रुपये हे भाजीवाल्याने सुट्ट्या पैशांत आपल्या हातावर ठेवलेले आहेत. इथल्या कानडी घरांतून महात्मा बसवेश्वरांचे पाच रुपये तसेच कौतुकाने बाजूला काढून ठेवले गेले. ज्या नाण्याने कुणी दूध आणलं आणि कुणी ते खर्च करायचं नाही म्हणून डब्यात टाकलं, त्याच्याइतका सामान्य माणसाच्या मनाचा पुरावा दुसरा कुठला मिळणार?

तर त्या कडेच्या ट्रेमध्ये गांधीजींची दहा रुपयांची चांदीची नाणी होती.

या नाण्याविषयी थोडं सांगायला हवं. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं १९६४ चं, पंडित नेहरूंच्या निधनानंतरचं. पन्नास पैसे आणि एक रुपया, दोन्ही निकेलची. चांदीचा रुपया त्याआधीच गेला होता. ब्रिटिश अमलात पूर्वी रुपयात जवळजवळ ९२ टक्के चांदी असे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, ती निम्म्यावर आली आणि १९४५ नंतर पाडलेला रुपया निकेलचा झाला. १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीला वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया आणि दहा रुपये अशी चार नाणी निघाली, आणि त्यांतलं दहा रुपयांचं नाणं चांदीचं काढलं गेलं. वजन १५ ग्रॅम, त्यात ८० टक्के चांदी, व्यास ३४ मिलिमीटर. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, दुसऱ्या बाजूला गांधीजींचा बाजूने दिसणारा चेहरा आणि १८६९-१९४८ ही सालं. आकाराने मोठं, हातात धरल्यावर भरल्यासारखं वाटणारं. कितीतरी मराठी घरांत हे नाणं लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात वर्षानुवर्षं बसत आलंय.

ट्रेमधली बहुतेक नाणी पांढरीशुभ्र होती. पण त्या शुभ्रतेत जीव नव्हता. टांकसाळीतून नुकत्याच निघालेल्या नाण्यावर एक झळाळी असते. ठसा जोरात बसताना धातू मधून कडेकडे वाहतो, त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात, आणि नाणं कलतं केलं की त्या रेषांवरून उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. पावडर लावून घासलं की या रेषाच जातात. मग राहतो तो नुसता पांढरा रंग, सगळीकडे सारखा, न फिरणारा. अशा दहा-बारा नाण्यांच्या खाली एक नाणं पालथं होतं. सिंहांची बाजू वर, फिकट, किंचित पिवळसर. मी ते उलटं केलं.

कडेला गर्द निळा. त्याच्या आत जांभळा, मग तांब्यासारखा लालसर, मग सोनेरी, आणि गांधीजींच्या गालावर जवळजवळ मूळची चांदी. रंग वेगवेगळे पट्टे होऊन बसले नव्हते, एकातून दुसरा निघत होता. नाणं जरा कललं की धूपछाव पैठणीसारखं निळ्यातून जांभळं उठायचं आणि पुन्हा आत जायचं. गालाची रेषा कानाकडे जाते तिथे सोनेरी रंग अगदी पातळ झाला होता आणि त्याखाली टांकसाळीची झळाळी शाबूत फिरत होती. अक्षरांच्या अगदी कुशीत, जिथे धातू उभा चढतो, तिथे रंगाची एक बारीक फिकट रेघ सुटलेली होती. भिंग लावून मी बराच वेळ नुसती ती अक्षरं पाहत राहिलो.

“साहेब, ते काळं पडलंय,” टेबलामागचा माणूस म्हणाला. पुण्याकडचा होता, बोलायला मोकळा. “त्यातलं दुसरं घ्या ना, चकाचक आहे.”

मी म्हटलं, “हेच बघतोय.”

“हेच पाहिजे तर डिप मारून देतो. दोन मिनिटांत पांढरं होईल.”

त्याच्या आवाजात खरोखरचा आपलेपणा होता. त्याच्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ गिऱ्हाइकांना पांढरंच नाणं हवं असतं, हे तो अनुभवाने शिकलेला. त्याने भाव इतरांएवढाच सांगितला, चांदीच्या भावापेक्षा थोडा जास्त. मी पैसे दिले आणि नाणं फक्त कडेने धरून, आहे तसंच द्या, म्हणून विनवलं.

चांदी काळी पडली की घासायची, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे. दिवाळीच्या आधी घराघरांत चांदीची निरांजनं, अत्तरदाणी, ताम्हन, फुलपात्रं ओळीने मांडली जातात. कुणी रांगोळी घेतं, कुणी चिंच, कुणी दंतमंजन, कुणी दुकानातलं गुलाबी पाणी. काळवंडलेली चांदी म्हणजे घरात कुणाचं लक्ष नाही, असा त्याचा सरळ अर्थ. आमच्या देवघरातले टाक याच प्रेमाने घासले गेले. खंडोबा, भवानी, जोतिबा. खंडोबाच्या घोड्याचे पाय आता दिसत नाहीत, बोट फिरवलं तर लागतात. भवानीच्या आठ हातांतले तीन-चार मोजता येतात. चेहऱ्यांवर नाकाच्या जागी एक उंचवटा तेवढा आहे. आजीने, तिच्या सासूने, आणि त्यांच्याही आधीच्या बायकांनी सणासुदीला अंगठ्याने जी चांदी उजळवली, तिच्याबरोबर देवाचे डोळेही हळूहळू पाण्यात गेले.

याचं कारण साधं आहे. चांदीवरचा काळेपणा बाहेरून येऊन बसलेला मळ नसतो. हवेतला गंधक चांदीला भेटतो आणि वरची चांदीच सिल्व्हर सल्फाइड होते. म्हणजे त्या काळ्या थरात चांदी आहे. तो थर पुसला की तेवढी चांदी गेली. मग खालची चांदी उघडी पडते, तीही काळवंडते, तीही पुसली जाते. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं की टाकाचा पत्रा होतो.

आणि हा थर काळा दिसण्याआधी बराच काळ रंगीत असतो, हे मला सर्वांत नवलाचं वाटतं. मिलिमीटरचे एक लाख भाग करा. तशा दहा भागांइतकी जाडी व्हायच्या आतच सोनेरी, तांबूस, जांभळा, निळा अशी रंगांची पहिली फेरी होऊन जाते. थराला स्वतःचा असा हा रंग नसतोच. उजेडाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परततो, काही खाली जाऊन धातूवरून परततो. परतलेल्या या दोन लाटा एकमेकींना भेटतात, आणि थराच्या जाडीप्रमाणे त्यांत एखादा रंग मारला जातो. निळा मारला गेला तर डोळ्यांना सोनेरी दिसतं, हिरवा मारला गेला तर जांभळं, आणि पिवळा-तांबडा मारला गेला तर निळं. म्हणून रंगांचा क्रम ठरलेला असतो. माझ्या नाण्यावर कड निळी आणि मध्य सोनेरी आहे याचा अर्थ गंधकाची वाफ कडेकडून आत शिरली. कडेला थर जाड झाला, मध्यावर पातळ राहिला. साबणाच्या फुग्यावर आणि पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात ते रंग याच जातीचे.

पातळ थरांतल्या रंगांची शिस्तशीर मोजमापं पहिल्यांदा न्यूटनने केली. ‘ऑप्टिक्स’ हे त्याचं पुस्तक १७०४ मध्ये निघालं तेव्हा तो लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख होता. १६९६ मध्ये तो त्या टांकसाळीत नोकरीला लागला, १६९९ मध्ये प्रमुख झाला आणि शेवटपर्यंत त्या पदावर राहिला. दिवसा चांदीची शुद्धता तपासणारा आणि साबणाच्या फुग्यावरच्या रंगांचं गणित मांडणारा माणूस एकच, ही गोष्ट मला या नाण्याकडे पाहताना दरवेळी आठवते.

आणि बेंगळुरूत बसून या रंगांविषयी बोलायचं तर सर सी. व्ही. रामन यांच्याशिवाय कसं बोलणार? १९३३ मध्ये ते इथे भारतीय विज्ञान संस्थेत संचालक म्हणून आले आणि मग या शहराचेच झाले. नोबेल आधीच मिळालं होतं. कुणी दुसरा असता तर तेवढ्यावर आयुष्य काढलं असतं. रामन मात्र शिंपल्यांच्या आतल्या इंद्रधनुषी झाकेवर, पक्ष्यांच्या पिसांवर, लॅब्रडोराइट नावाच्या दगडातल्या निळ्या लखलखाटावर काम करत राहिले. १९४० मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर जुन्या, जमिनीत पुरून खराब झालेल्या काचेच्या रंगांवर निबंध लिहिला. शेकडो वर्षं मातीत पडलेल्या काचेचे पापुद्रे सुटतात आणि त्या पापुद्र्यांतून असे रंग निघतात की नवी काच फिकी पडावी. त्यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेल्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी जमवलेले स्फटिक, शंख-शिंपले, फुलपाखरं अजून जपलेली आहेत. खराब झालेल्या काचेत सौंदर्य बघणारा, आणि ते का आहे हे शोधून काढणारा माणूस या शहरात राहून गेला, याचा मला फार आधार वाटतो. प्रदर्शनात ‘काळं पडलंय’ असं कुणी म्हणालं की मी मनातल्या मनात त्यांना साक्षीला बोलावतो.

पण गंधक सगळीकडे इतका हळुवार वागत नाही. याच शहरात बेळ्ळंदूरचं तळं आहे. सांडपाण्याने भरलेल्या त्या तळ्यावर फेसाचे डोंगर चढले आणि तळ्याला आग लागल्याची छायाचित्रं साऱ्या देशाने पाहिली. सडणाऱ्या सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, कुजलेल्या अंड्याच्या वासाचा. त्या काठाने राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या एक बाई सांगत होत्या की पूजेची चांदी उजळून ठेवावी तर महिन्याभरात ती कोळशासारखी होते. रंगांची ती सगळी फेरी तिथे डोळ्यांना दिसायच्या आत उरकते. तोच वायू, तीच चांदी. एका ठिकाणी पन्नास वर्षं कणाकणाने मिळालेला, दुसरीकडे एकदम अंगावर आलेला. सुंदर रंग यायला गंधक किती कमी लागतो आणि वेळ किती जास्त, हे मला त्या बाईंच्या तक्रारीतून जितकं कळलं तितकं कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं.

अर्थात जिथे रंगाला भाव आला तिथे बनवेगिरीही आली. अमेरिकेत रंग चढलेल्या मॉर्गन डॉलरला, म्हणजे तिथल्या जुन्या चांदीच्या नाण्याला, साध्यापेक्षा कितीतरी पट किंमत मिळते. ते डॉलर सरकारी तिजोऱ्यांत जाड कापडी पिशव्यांमध्ये दशकानुदशकं पडून होते, आणि काहींवर त्या कापडाची वीणसुद्धा रंगांत उमटलेली आहे. तेव्हा लोक नाणं गंधकाच्या धुरीवर धरतात, तापवतात, उकडलेल्या अंड्याबरोबर डब्यात कोंडतात. असे रंग ओळखायला सोपे नसतात, पण काही खुणा आहेत. घाईने आणलेल्या रंगाला क्रम नसतो, सोनेरीच्या शेजारी एकदम हिरवा येतो. तो पृष्ठभागावर तरंगतो, खालची झळाळी बुजवतो. आणि बऱ्याचदा तो घासलेल्या नाण्यावर चढवलेला असतो, चरे लपवायला. रंगाखाली ओरखडे दिसले की समजावं, आधी कुणीतरी ते नाणं पांढरं केलं आणि मग पुन्हा पिकवलं. अस्सल रंग पटकन कळतो तो अक्षरांपाशी. वर ज्या फिकट रेघेविषयी लिहिलं ती आणताना बनवणाऱ्याचे हात टेकतात.

माझ्या नाण्यावर याहून मोठा पुरावा होता, आणि तो मला प्रदर्शनातच, खिडकीपाशी जाऊन पाहताना दिसला. चेहऱ्याच्या खालच्या अंगाला एक कमान होती. कमानीच्या एका बाजूला निळा-जांभळा, दुसऱ्या बाजूला एकदम फिकट सोनेरी, आणि मध्ये कंपासने आखावी तशी स्वच्छ सीमा. पहिल्यांदा वाटलं ठशाचा दोष. मग लक्षात आलं, ही दुसऱ्या गोल वस्तूची कड आहे. या नाण्यावर दुसरं एक नाणं अर्धवट टेकलेलं होतं. त्याने जेवढा भाग झाकला तेवढा गंधकापासून वाचला.

कोणतं नाणं? कमानीची गोलाई दहा रुपयांच्या नाण्याच्या कडेपेक्षा आवळ होती, म्हणजे वरचं नाणं लहान. मी पुन्हा त्या टेबलाशी गेलो आणि त्याच वर्षीचा गांधीजींचा निकेलचा रुपया मागितला. तो २८ मिलिमीटरचा असतो. चांदीला टेकणार नाही असा, केसभर वर धरून मी तो त्या कमानीवर सरकवत नेला. कड कडेवर बसली. टेबलामागचा तो माणूस उठून माझ्या शेजारी आला, त्याने भिंग मागून घेतलं, आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे कुणीतरी दोन्ही एकत्र ठेवली होती.”

हो, कुणीतरी दोन्ही एकत्र ठेवली होती. सरकारी संचाच्या पेटीत प्रत्येक नाण्याला स्वतंत्र खळगा असतो, तिथे एक दुसऱ्यावर चढत नाही. तेव्हा ही नाणी सुटी होती, एखाद्या कागदी पाकिटात किंवा पुठ्ठ्याच्या डबीत. कागद आणि पुठ्ठा दोन्हींत गंधकाचा अंश असतो आणि तो वर्षानुवर्षं थोडाथोडा सुटत राहतो. सिंहांची बाजू इतकी फिकट राहिली, म्हणजे ती डबीच्या तळाशी घट्ट टेकलेली असणार आणि चेहरा वर. त्याच्यावर तिरका रुपया. आणि ती सीमा इतकी रेखीव आहे, म्हणजे डबी हलली नाही. कुणी दर दिवाळीला ती काढून नाणी हातात खेळवली असती तर रुपया इकडेतिकडे सरकला असता आणि कमान पुसट झाली असती. तिजोरीच्या तळाशी, कपाटाच्या वरच्या फळीवर, लुगड्यांच्या घडीत, कुठेतरी ती जोडी पडून राहिली. १९६९ मध्ये महिना काढताना दहा रुपये बाजूला टाकणं हे साध्या घरात सोपं नव्हतं. ज्याने टाकले त्याला गांधीजींचं काय वाटत होतं, हे त्याने कुठे लिहून ठेवलं नसेल. पण त्याने त्या वेळी खर्चायच्या दोन नाण्यांना हात लावला नाही, आणि त्याच्या मागून आलेल्यांनीही नाही, एवढी नोंद चांदीने ठेवली आहे.

जोडी फुटली ती नंतर. चांदी मोडीत निघते, निकेलला कोण विचारतो? चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून तर १९६९ ची आणि १९७० च्या दशकातली ही चांदीची नाणी वजनावर विकली जातात, आणि किती मुशीत गेली असतील त्याची गणती नाही. मुशीत सगळी चांदी सारखी. ही गोष्ट मला मनापासून लागते. पोटासाठी विकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, पण वितळवण्याआधी कुणी एकदा ते उजेडात कलतं करून पाहावं, एवढं तरी मागायला हरकत नाही.

व्यापाऱ्याने तो रुपया मला तसाच देऊ केला, जोडीला म्हणून. मी घेतला नाही. तो त्या डबीतला रुपया नव्हता.

आता प्रश्न होता तो जपायचा. बाजारात नाणी ठेवायला मऊ प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटांचा सुळसुळाट आहे. ती पीव्हीसीची असली तर काही वर्षांत चिकट होतात आणि नाण्यावर हिरवट राप बसतो, तो धातू खातो. कठीण अॅक्रिलिकची गोल डबी त्यापेक्षा कितीतरी बरी, हवा आत जवळजवळ जात नाही. प्रदर्शनांना नेहमी येणारे एक वयस्क संग्राहक, ज्यांच्या नजरेला मी फार मानतो, त्यांचं म्हणणं वेगळं पडलं. “इतकी वर्षं ते श्वास घेत होतं, आता तुम्ही त्याचं नाक दाबणार,” ते म्हणाले. “कागदाच्या पाकिटात ठेवा. त्याचा रंग त्याला ठरवू द्या.”

मी पुष्कळ विचार केला आणि त्यांचं ऐकलं नाही. रंगांची फेरी निळ्यावर थांबत नाही. थर वाढत गेला की पुन्हा एकदा पिवळट, गुलाबी, हिरवट असं काही होतं, मग रंग मळत जातात आणि शेवट काळ्यात होतो. काळ्यात ती कमानही जाईल. त्या अनोळखी घराने जे लिहून ठेवलं ते वाचता येण्याजोगं राहावं, म्हणून मी नाणं अॅक्रिलिकच्या डबीत घातलं, सोबत ओल शोषणारी एक पुडी ठेवली, आणि एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या: हे नाणं घासू नये, डबीबाहेर काढू नये, आणि खालच्या बाजूची कमान जरूर पाहावी.

दिवाळीला आई इथे आली होती. लक्ष्मीपूजनाची तयारी करताना तिने ती डबी पाहिली आणि उघडायला घेतली, तेव्हा मी तिला बाल्कनीत नेलं. सकाळचं ऊन तिरपं येत होतं. तिने डबी डोळ्यांजवळ धरली, दूर धरली, कलती केली.

“आपल्याकडेही होतं असं,” ती म्हणाली. “आम्ही दरवर्षी रांगोळीने घासायचो. कधी रंग दिसलाच नाही याचा.”

मग मी तिला कमान दाखवली आणि रुपयाची गोष्ट सांगितली. ती ऐकता ऐकता आत गेली, देवघरातला खंडोबाचा टाक घेऊन आली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरून उभी राहिली.

“मग हेसुद्धा घासायला नको होते का?”

मी म्हटलं, टाकाचं वेगळं आहे. टाक हाताळायचेच असतात. त्यांना पाणी घालायचं, हळद-कुंकू लावायचं, पुसायचं. आजीच्या अंगठ्याने घोड्याचे पाय गेले, तीही एक नोंदच आहे, आणि ती मला पुसायची नाही.

तिला हे अर्धवटच पटलं. तिच्या मते देव ओळखू आला पाहिजे, आणि ओळखू येत नसेल तर टाक नवे करून घ्यावेत, जुनी चांदी त्यातच घालून. सोनाराशी ती बोललीही आहे. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही. सोनाराने महाशिवरात्रीच्या आधी घेऊन या म्हणून सांगितलंय, आणि मी आईकडे एवढंच मागितलं आहे की नेण्याआधी जुन्या टाकांचे दोन्ही बाजूंनी, तिरप्या उजेडात, नीट फोटो काढू दे.